न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सरकारी शाळा कोण चालवतं? महापौर का?

नाही, महापौरांचा त्यात हात नसतो. शाळांचं बोर्ड वेगळं असतं: 9 सदस्य, मतदारांनी निवडलेले, मुदत 3 वर्षं, मानधन शून्य. ते सुपरिंटेंडेंट (सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी) नेमतात, बजेट मंजूर करतात. रोजचा कारभार सुपरिंटेंडेंटचा, त्यामुळे वर्गातली तक्रार आधी शिक्षक, मग प्रिन्सिपल अशीच वर न्यावी.

पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. बिलात शाळेची ओळ वेगळी असते, बघाच! ही वसुली वर्षाला साधारण 2 टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही, काही अपवाद सोडून.

एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येणार नाही. पण बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपली मंडळी तिथे फारच कमी दिसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. जरूर जा.