चोवीस फाइटवाला माणूस ‘ऑल टाइम ग्रेट’ कसा?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सेकंड इयरला आहे, सांगलीचा. आमच्या घरात मामाचं आणि माझं एकच भांडण चाललंय. मामा जुना बॉक्सिंगवेडा, अली-फ्रेझरच्या फाइट कॅसेटवर बघून मोठा झालेला. मी म्हटलं युक्रेनचा बॉक्सर ओलेक्झांडर उसिक ऑल टाइम ग्रेट आहे, तर तो नुसता हसला आणि म्हणाला जुन्या काळच्या हेवीवेट चॅम्पियन जो लुईसने सलग २५ वेळा टायटल राखलं, तुझ्या उसिकच्या सगळ्या मिळून फाइट २४. यावर काय बोलायचं? मामा बरोबर आहे का?

उत्तर : अरे, मामाने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय, ते आधी मान्य कर. लुईस १९३७ ते १९४९ चॅम्पियन होता, समोर आलेले काही अगदीच लिंबूटिंबू होते, त्या काळातच लोक त्यांना ‘बम ऑफ द मंथ’, म्हणजे या महिन्याचा फालतू गडी, म्हणून चिडवायचे, तरी पंचवीस म्हणजे पंचवीस. उसिकचा आकडा २०२५ च्या जुलैपर्यंत २४-०, म्हणजे २४ जिंकल्या, एकही हरला नाही, त्यात हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाच्या, फाइट फक्त आठ आणि माणसं पाचच, कारण जोशुआ, फ्युरी आणि डुबॉइस या तिघांना त्याने दोन-दोनदा हरवलंय. पण वर्षाला दोनदा रिंगमध्ये उतरणाऱ्या आजच्या बॉक्सरला लुईसची पट्टी लावली तर कुणीच बसणार नाही, मग वाद घालायचा तरी कशाला. मी बघतो ते कुणाला हरवलं, कुठे जाऊन हरवलं आणि अंगाशी आल्यावर काय केलं.

‘कुठे’पासून सुरू कर, मामा तिथे गप्प बसेल. क्रूझरवेटचं, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचं, पहिलं टायटल २०१६ ला ग्दान्स्कमध्ये, पोलंडच्या चॅम्पियनकडून पोलंडमध्येच घेतलं. लाटव्हियाच्या ब्रीडिसला त्याच्या रीगामध्ये हरवलं. मग जुलै २०१८, मॉस्को, समोर रशियाचा गॅसिएव्ह. आता उसिक जन्मला क्रिमियात, सिम्फरोपोलला, आणि क्रिमिया रशियाने २०१४ लाच गिळलेला, तर असा माणूस मॉस्कोत जाऊन रशियन बॉक्सरला बारा राउंड नुसता फिरवत ठेवतो आणि क्रूझरवेटचे चारही बेल्ट (चार वेगवेगळ्या संघटनांची टायटल्स) घेऊन घरी येतो. नंतर जोशुआ लंडनमध्ये, टॉटनहॅमच्या स्टेडियमवर. गंमत म्हणजे वर्ल्ड टायटलची एकही फाइट हा माणूस युक्रेनमध्ये खेळलेला नाही, पोलंडमधलं व्रोत्स्वाफ तेवढं त्यातल्या त्यात घरच्यासारखं, तिथे युक्रेनी पब्लिक भरपूर होतं. आपल्याकडे ऑस्ट्रेलियात एक सिरीज जिंकली तर दहा वर्षं पुरते, इथे आख्खं करिअर अवे मॅच आहे राव.

आता वजन. क्रूझरवेटची मर्यादा २०० पाउंड. तिथून वर आलेला हा माणूस डिसेंबर २०२४ ला फ्युरीसमोर दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा काट्यावर कपड्यांसकट हा २२६ आणि तो २८१. म्हणजे २५ किलोचं तांदळाचं पोतं जास्तीचं, वर सहा इंच उंची जास्त. तिन्ही जजनी ११६-११२ दिलं, उसिकला.

पण मला विचारशील तर सगळं उत्तर फ्युरीबरोबरच्या पहिल्या फाइटच्या, १८ मे २०२४ च्या, रियाधमधल्या नवव्या राउंडमध्ये आहे, मामाला शेजारी बसवून तो एक राउंड दाखव. त्याआधी मधले काही राउंड फ्युरीचे, खालून अपरकट घालतोय, मधेच हात मागे घेऊन माकडचेष्टा करतोय, सहाव्यात तर उसिक चांगलाच हलला होता. आणि हा डावखुरा माणूस त्या सगळ्या वेळात चिडत नाही, घाई करत नाही, पाय चालू ठेवतो आणि बघत राहतो. नवव्यात डावा बसला आणि फ्युरीचे पाय गेले, मग तो दोरावरून दोरावर आपटत गेला, पडला नाही तो फक्त दोर होते म्हणून, रेफ्रीने मधे पडून मोजायला घेतलं आणि बेल झाली. असं मोजलं की त्या राउंडला एक गुण जास्तीचा जातो. ते मोजणं नसतं ना, तर बाकीचे दोन जज एकेकाच्या बाजूला असताना तिसऱ्याचं ११४-११३ चं ११४-११४ झालं असतं आणि फाइट ड्रॉ. एका राउंडवर सगळं उभं होतं. १९९९ च्या लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटला पहिल्यांदाच एकच निर्विवाद चॅम्पियन मिळाला तो असा.

मामाच्या हातात अजून एक पत्ता आहे तो आधीच सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२३ ला डुबॉइसने पाचव्या राउंडला कमरेच्या पट्ट्यापाशी मारलं, उसिक आडवा, रेफ्रीने लो ब्लो (कमरेखालचा, नियमबाह्य ठोसा) म्हणून सावरायला जवळपास चार मिनिटं दिली. मला स्वतःला तो ठोसा बॉर्डरवरचा वाटतो, अजूनही. उसिकने नवव्यात त्याला संपवलं तरी डाग राहिला होता. म्हणून वेम्ब्लीची २०२५ ची परत फाइट महत्त्वाची, तिथे पाचव्याच राउंडला नॉकआउट, विषय संपला.

होलीफिल्डचं नाव मामा काढेलच. त्यानेही आधी क्रूझरवेटचे सगळे बेल्ट एकत्र केले आणि १९९० ला बस्टर डग्लसला पाडून हेवीवेट. तो उसिकच्या आधीचा, आणि त्याच्यासमोर बो, टायसन, लेनॉक्स लुईस असली गर्दी होती, तेवढी खोली आजच्या हेवीवेटमध्ये नाहीये हे खरंय. पण होलीफिल्ड हरला, बऱ्याचदा हरला, उसिक २०२५ च्या जुलैपर्यंत एकदाही नाही. तर माझा हिशोब असा : ऑल टाइम ग्रेट हो, शंभर टक्के. क्रूझरवेटचा सगळ्यात मोठा, हो. हेवीवेटमध्ये अली आणि जो लुईसच्या पंगतीत नाही, पहिल्या दहात कुठेतरी खालच्या बाजूला, आणि यावरून मला शिव्या घालणारी पत्रं आली तरी चालतील.

प्रश्न : (त्याच पत्रात, खाली पेनाने) ऐन भरातल्या, प्राइम टायसनसमोर उसिक टिकला असता का?

उत्तर : पहिले तीन राउंड मला बघवले नसते. १९८८ च्या टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदात झोपवलं होतं आणि उसिक सुरुवातीला उशिराच गरम होतो. पण सहाव्यापर्यंत उभा राहिला तर पैसे मी उसिकवर लावीन. टोकियोत १९९० ला डग्लसने तेच केलं, जॅब मारत राहिला, आठव्यात खाली पडून उठला आणि दहाव्यात टायसनला रांगत माउथपीस शोधायला लावलं. मामाकडे ती कॅसेट नक्की असेल, विचार.