सदोष किटचं पत्र आलं. रुग्णांना सांगायचं का?

प्रश्न : मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी लॅब आहे, हाताखाली दोन टेक्निशियन. थायरॉईडच्या टीएसएच तपासणीच्या किटच्या एका लॉटबद्दल (एकाच खेपेत बनलेल्या मालाबद्दल) कंपनीचं पत्र आलंय : आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतात, वापर थांबवा, उरलेली किट परत करा. त्या लॉटवर आम्ही आधीच बरेच रिपोर्ट दिलेत, त्यात गरोदर बायकाही आहेत. डिस्ट्रिब्यूटर म्हणतो, "मॅडम, किट बदलून देतो, पेशंटना सांगत बसू नका." वर 'आमची काही तक्रार नाही' अशा पत्रावर सही मागतोय. सांगितलं तर दावे माझ्यावरच येतील का? फेरतपासणीचा खर्च कुणाचा?

उत्तर : डॉक्टर, त्या पत्रावर सही करू नका, आणि रुग्णांना आजपासून कळवायला लागा. गरोदर बायका आधी, मग ज्यांची थायरॉईडची गोळी तुमच्या रिपोर्टवरून कमी किंवा बंद झाली ते, मग बाकीचे. थायरॉईडचं काम कमी पडलं की टीएसएच वाढतो; तो खोटाच कमी दिसला तर ज्या बाईला गोळी हवी तिला 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं जातं, आणि गरोदरपणात त्याची झळ बाळापर्यंत जाते. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आता दाव्यांची भीती. पत्र हातात पडण्याआधीची तुमची बाजू वेगळी आणि नंतरची वेगळी. आधी तुम्ही किट नीट साठवलं, रोजचं क्वालिटी कंट्रोल (आकडे बरोबर येतात का याची पडताळणी) चालवलं, तरी रसायनातच खोट निघाली, तर मुख्य जबाबदारी उत्पादकाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८४ इथे फार कडक आहे : उत्पादनातच दोष असेल, तर उत्पादक जबाबदार धरला जातो, त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तुमच्यावर मात्र सेवेतली त्रुटी दाखवावी लागते. पण त्याच कायद्याच्या कलम २(११) मध्ये त्रुटीच्या व्याख्येतच एक गोष्ट घातलेली आहे : ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणं. म्हणजे पत्र वाचून तुम्ही गप्प राहिलात, तर कंपनीच्या दोषाच्या जोडीला तुमचा स्वतःचा दोष उभा राहतो, आणि तो ढकलायला दुसरं कुणी नसतं.

दावा येणारच नाही असं मी म्हणणार नाही. रुग्णाचा वकील कंपनी, डिस्ट्रिब्यूटर आणि लॅब, तिघांनाही पक्षकार करील. मीही तेच करीन. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं. पण वेळेवर कळवणारी लॅब ग्राहक आयोगापुढे ज्या बळाने उभी राहते, ते बळ लपवणाऱ्या लॅबला मिळत नाही. अमेरिकेतल्या मॅगेलन डायग्नॉस्टिक्सची गोष्ट पाहा. मुलांच्या रक्तातलं शिसं मोजणारी त्यांची यंत्रं आकडा कमी दाखवत होती. कंपनीला हे २०१३ पासून ठाऊक होतं. बिघाड सरकारला वेळेवर कळवला नाही, हा गुन्हा कबूल करून २०२४ मध्ये त्यांनी ४ कोटी २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

डिस्ट्रिब्यूटरचं 'गुपचूप बदलून देतो' हेही नियमाला धरून नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये तपासणीची किटंसुद्धा येतात. रुग्णाला धोका संभवत असेल, तर माल बाजारातून परत बोलावणं आणि कारणासह औषध प्रशासनाला कळवणं उत्पादकावर बंधनकारक आहे. तुम्हीही जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाला लेखी कळवा, आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे उपकरणांच्या तक्रारींचा अर्ज भरा.

सही का नको? करार कायद्याच्या कलम ६३ नुसार आपला हक्क माणूस स्वतःहून सोडू शकतो, आणि 'तक्रार नाही' हा कागद उद्या नेमका त्यासाठीच पुढे येईल. रुग्णांचा हक्क तुमच्या सहीने जात नाही, तुमचा मात्र जाऊ शकतो. किट परत देताना फक्त लॉट नंबर, संख्या आणि तारखेची पोच घ्या. खाली 'सर्व हक्क राखून' लिहा. दोन-तीन सीलबंद किट फ्रिजमध्ये ठेवून घेत असल्याचं कंपनीला लेखी कळवा. 'तुमच्याच फ्रिजमध्ये बिघडलं' हा कंपनीचा पहिला बचाव असेल, म्हणून तापमानाची वही, मशीनचे प्रिंटआउट आणि बिलं एकत्र बांधून ठेवा. क्वालिटी कंट्रोलचे आलेख आधी स्वतः पाहा. त्या काळात आकडे खाली सरकत असूनही रिपोर्ट गेले असतील, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. नोंदीत मात्र एक अक्षरही बदलू नका.

रुग्णांना फोन करा आणि पाठोपाठ चिठ्ठी द्या : अमुक लॉट, अमुक तारखांचे रिपोर्ट, कंपनीचं पत्र अमुक दिवशी मिळालं, तपासणी पुन्हा मोफत, तोवर गोळी स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना भेटा. ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांनाही कळवा. नावांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. व्यवसायाचा विमा असेल, तर चिठ्ठ्या जाण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. पण त्यांच्या उत्तराची वाट पाहत गरोदर बायकांचे फोन थांबवू नका.

फेरतपासणीचा खर्च आत्ता तुम्ही करा, नंतर वसूल करा. मालविक्री कायदा, १९३० नुसार सांगितलेल्या कामाला योग्य माल देणं ही विक्रेत्यावरची गर्भित, म्हणजे न लिहिताही लागू होणारी अट आहे. ती मोडली, तर भरपाई मागता येते. ग्राहक आयोगात गेलात, तर 'व्यापारी हेतू'चा आक्षेप येईल, म्हणजे किट धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण दोन नोकर ठेवल्यावर ती लागू होते का, यावर वाद होईल. शिवाय उत्पादन दायित्वाखाली (सदोष मालाने झालेल्या अपायाच्या जबाबदारीखाली) निव्वळ आर्थिक नुकसान मागता येत नाही. म्हणून मी तुमच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालयच सुचवीन. तिथे तीन वर्षांची मुदत आहे. ज्या रुग्णाच्या प्रकृतीला खरोखर अपाय झाला, त्याला जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि तपासणीचे पैसे पाच लाखांच्या आत असल्याने दाखल शुल्क लागत नाही. विचारलं, तर हे त्याला सांगा.

कंपनी आणि डिस्ट्रिब्यूटर या दोघांना नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने जाऊ द्या. फेरतपासणीत ज्यांचा आकडा बदलेल, त्यांचा जुना रिपोर्ट रद्द म्हणून फाडू नका. नव्यावर जुन्याचा क्रमांक लिहा आणि दोन्ही जपा.