यूकेत १०.५ किलोवॅटच्या इलेक्ट्रिक शॉवरला जुनी ६ एमएमची केबल चालेल का?

तुमचा प्रश्न असा: लेस्टरच्या घरातला ८.५ किलोवॅटचा जुना शॉवर काढून १०.५ चा लावायचा आहे, केबल ६ एमएमची (म्हणजे आतल्या तारेचा छेद ६ चौरस मिलिमीटर) आहे, आणि भारतात गीझरला ४ एमएम वायर पुरते, मग इथे ६ का पुरू नये?

मी मूळचा सांगलीचा, गेली १४ वर्षं इंग्लंडमध्ये घरांच्या वायरिंगचंच काम करतोय. थेट सांगतो: बहुतेक घरांत ६ एमएम चालत नाही, १० एमएम टाका. पण त्याआधी माळ्यावर चढून बघा, कारण तिथली परिस्थिती वाईट असेल तर १० सुद्धा कमी पडते.

आधी गीझरचं. आपल्याकडचा टाकीवाला गीझर २ किलोवॅटचा, म्हणजे साधारण ९ अँपिअर. इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा, म्हणजे १३. इथल्या शॉवरला टाकीच नसते. थंडीतलं बर्फासारखं पाणी वाहता वाहता तापवायचं, म्हणून एवढी ताकद लागते. खोक्यावरचे १०.५ किलोवॅट २४० व्होल्टला धरलेले असतात, त्यावरून ४३.७५ अँपिअर येतात. २३० व्होल्टला तोच शॉवर साडेनऊ किलोवॅटच्या जरासाच वर असतो, पण केबल निवडताना मी ४४ च धरतो.

आता मूळ मुद्दा. केबल किती करंट पेलते ते तिच्या जाडीइतकंच ती कुठून गेलीय यावर ठरतं, कारण तिची उष्णता बाहेर पडायला वाट हवी. इथल्या बीएस ७६७१ या नियमावलीत करड्या चपट्या केबलसाठी आकडे दिलेत. उघड्या भिंतीवर किंवा लाकडावर क्लिप केलेली ६ एमएम ४७ अँपिअर पेलते, १० एमएम ६४. तीच केबल माळ्यावर १०० मिलिमीटरपेक्षा जाड इन्सुलेशनखाली (घरातली ऊब अडवणाऱ्या थराखाली) गाडली की ६ एमएम २७ वर येते आणि १० एमएम ३६ वर. इथल्या माळ्यांवर हल्ली २७० मिलिमीटर ग्लासवूल असतं. म्हणजे तुमची केबल त्याखाली असेल तर ८.५ च्या शॉवरचे ३५ अँपिअरही तिला आजवर जास्तच होत होते.

अशा वेळी १६ एमएम घ्या असं कुणी सांगेल. ती जाड इन्सुलेशनखाली ४६ पेलते, हिशेब बसतो. पण ती वाकवताना हात दुखतात आणि शॉवरच्या टर्मिनलमध्ये बसेलच असं नाही. मी स्वतः १० एमएमच घेतो आणि इन्सुलेशनच्या वर, लाकडाला क्लिप करत नेतो. जिथे ती छतातून खाली उतरते तिथे मात्र लक्ष द्या. २०० मिलिमीटर ग्लासवूलमधून नुसती आरपार गेली तरी ६४ चे ४० होतात. तेवढ्या जागी केबलभोवतीचं ग्लासवूल बाजूला सारून ठेवायचं. पाच मिनिटांचं काम, पण बरेच जण सोडून देतात.

‘शॉवर दहा मिनिटंच चालतो, केबल कशाला तापेल?’ हे तुम्हाला ऐकवलं जाईल. घरात पाच माणसं असतील आणि सकाळी एकामागून एक आंघोळी असतील तर तो पाऊण तास चालतो. ब्रेकर वाचवेल या भरवशावरही राहू नका. ४५ अँपिअरचा ब्रेकर ५० अँपिअरला तासभरातही पडत नाही. तोवर केबल मुकाट्याने भाजत राहते.

गेल्या वर्षी एका घरी ‘बाथरूममध्ये कुजक्या मासळीचा वास येतो’ म्हणून बोलावलं होतं. शॉवरची वीज चालू-बंद करायचा, छताला लावलेला दोरीचा स्विच उघडला तर टर्मिनलजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि तारेवरचं कव्हर बोटाने चुरगळत होतं. आदल्या माणसाने शॉवर मोठा बसवला होता, केबल आणि स्विच तेच ठेवले होते, स्क्रूही ढिला होता. असा वास आला की मेन बंद करा, मग शोध घ्या.

म्हणून केबलसोबत दोरीचा स्विचही ४५ किंवा ५० अँपिअरचा नवा घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारं उपकरण) हवीच. नवीन सर्किट टाकणं इंग्लंडमध्ये पार्ट पी (बांधकाम नियमांतला घरातल्या वायरिंगचा भाग) खाली येतं, त्यामुळे एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या संस्थांकडे नोंदणी असलेल्या माणसाकडून करून घ्या आणि काम झाल्यावर सर्टिफिकेट मागून घ्या. घर विकताना ते लागतं.

आणि सामान विकत घ्यायच्या आधी मीटरजवळचा मुख्य फ्यूज किती अँपिअरचा आहे ते त्यालाच बघायला सांगा. जुन्या घरांत तो ६० चाही असू शकतो. एकट्या शॉवरचे ४४, त्यात कुकर (इथली विजेवरची शेगडी-ओव्हन) आणि केटल एकदम चालू झाले तर तो पुरायचा नाही, आणि तो वाढवून देण्याचं काम वीजवाहिनीच्या कंपनीचं, इलेक्ट्रिशियनचं नव्हे.