दूरध्वनी क्रमांकातील शून्य कुठे गेले?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सभासद-यादी मी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून पायथॉन या संगणकभाषेच्या, तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीने वाचली. ०२० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांतले पहिले शून्य गेले आणि शेवटी ‘.०’ लागले. देखभाल शुल्काच्या रकान्यात कुठे ‘१,२५०’ आहे, तर कुठे नुसती ‘-’ अशी रेघ. त्याचे पूर्णांकात रूपांतर होत नाही. काय करावे?
– एक वाचक, पुणे ३०

उत्तर : प्रथम मूळ सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी, कारण शून्य एक्सेलनेच गाळले असेल, तर पुढे कोणतीही लायब्ररी ते परत आणू शकणार नाही. तिथे ते शाबूत असेल, तर घडले ते असे : रकान्यात फक्त अंक दिसल्याने पांडाजने तो संख्यांचा मानला, आणि काही जागा रिकाम्या असल्याने पूर्णांकांऐवजी दशांश प्रकार निवडला. दूरध्वनी क्रमांकांची आपण कधी बेरीज करत नाही. पिनकोडची किंवा बँक खात्याच्या क्रमांकाचीही नाही. असे रकाने वाचतानाच ‘डीटाइप’ला, म्हणजे रकान्याचा प्रकार ठरवणाऱ्या पर्यायाला, ‘स्ट्र’ (मजकूर) हे मूल्य देऊन मजकूर म्हणून घ्यावेत. शून्य गळालेला पुण्याचा क्रमांक नेमका दहा अंकी उरतो आणि मोबाइल क्रमांकासारखा दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. आपल्या लक्षात आली, हे बरे झाले.

शुल्काची गोष्ट वेगळी आहे. ती खरोखरच संख्या आहे. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या पायथॉनच्या ‘इंट’ला देवनागरी अंकांची अडचण नाही, ‘१२५०’ ते बिनतक्रार वाचते. अडते ते स्वल्पविरामापाशी, तेव्हा तो आधी काढून टाकावा. पैसे आणि व्याजही मोजायचे असल्यास पायथॉनसोबतच येणारी ‘डेसिमल’ ही दशांश हिशेब अचूक करणारी छोटी लायब्ररी वापरावी. मात्र तिला रक्कम मजकुराच्या रूपातच द्यावी, ०.१ ही ‘फ्लोट’ (पायथॉनचा नेहमीचा दशांश प्रकार) म्हणून आधीच साठवलेली संख्या दिली, तर संगणकाच्या शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत ती नेमकी मावत नसल्याने उरलेली सूक्ष्म चूकही सोबत येते.

राहिली रेघ. रूपांतर न होणाऱ्या नोंदी ‘कोअर्स’ या पर्यायाने रिकाम्या करून टाकणे सोपे असले, तरी हिशेबाच्या कामात मी तसे करू देणार नाही. रेघेचा अर्थ ‘थकबाकी’ आहे की ‘शुल्क माफ’, हे संगणकाला ठाऊक नसते; म्हणून अशा ओळी वेगळ्या काढून, त्यांची यादी खजिनदारांपुढे ठेवावी आणि उत्तर मिळाल्यावरच तिथे आकडा भरावा.