चुन्याखालचा चिरा

अनेक आशीर्वाद.

तुझे नकाशे पाहिले. काँक्रीटचा सांगाडा उभारायचा आणि दर्शनी बाजूला चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पातळ लाद्या चिकटवायच्या, म्हणजे घर गोव्याचं दिसेल, असं तू लिहिलंस. ते वाचून मन खट्टू झालं, म्हणून हे पत्र.

एकदा चिरा फोडून बघ. आत नुसती भोकं. काही टाचणीएवढी, काही बोट जाईल एवढी, काहींत पिवळट माती. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कठीण होतो, पण पाणी पीतच राहतो. आपली जुनी घरं या एका स्वभावाला धरून बांधलेली आहेत. जाड भिंत, वर चुन्याचा गिलावा, डोक्यावर उतरतं कौलारू छप्पर आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून पुढे काढलेली वळचण.

जुन्या गोव्यातलं ते चर्च, बॉम जेझू बासिलिका, १६०५ साली पूर्ण झाली, तेव्हा ती लाल नव्हती. चिऱ्यावर चुना होता. तो १९५० च्या दशकात काढून टाकला. आज लोक त्या लाल रंगालाच तिचं रूप समजतात, आणि उघडा पडलेला चिरा दर पावसात झिजतो.

माझ्या पहिल्या कामात मी चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. चुन्यातून ओल निघून जाते, सिमेंटखाली ती कोंडते. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीनं फुगे धरले. थोरल्या गवंड्यानं काठीनं ठोकून मला तो पोकळ आवाज ऐकवला, बोलला काहीच नाही. सगळं खरवडून पुन्हा चुन्यात केलं.

तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ तू पाहिलंयस. काळा पाषाण, सांध्यात चुना नाही. दगडाची तुळई फार लांब टाकली की मधोमध तुटते, म्हणून खांब जवळजवळ. आतला थंड काळोख कुणी मुद्दाम सजवून आणलेला नाही. दगडाला जेवढं पेललं, तेवढी जागा देवाला मिळाली.

काँक्रीटवर माझा राग नाही. ते लांबचा पल्ला पेलतं. मग तशी खांबाविना मोकळी ओसरी दे, काँक्रीटला चिऱ्याचं सोंग कशाला? आणि चिराच हवा असेल, तर भिंतच चिऱ्याची बांध.

रविवारी सकाळी ये. खाणीवर जाऊ. नकाशे घरीच ठेव.