कंसातली दोन वाक्यं

"ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे ती चवड्यांवर चालते. ऑपरेशन करायचं का आणि कोणतं, हे ठरवण्याआधी डॉक्टरांनी गेट अ‍ॅनालिसिस, म्हणजे कॅमेऱ्यांसमोर चालीची तपासणी, सांगितलंय. पंधरा दिवसांवर तारीख आली. अंगाला काहीबाही चिकटवतात म्हणे. ती घाबरून रडली तर सगळं वाया जाईल. तिला कसं समजावू? तिचे बाबा रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये टाच टेकवून चालायची प्रॅक्टिस घेतात, पाच फेऱ्यांना एक चांदणी असा तक्ताही लावलाय. (आता कोणी बघत असलं की छान चालते. एकटी असली की पुन्हा चवड्यांवर.) तिथे तिने नीट चालून दाखवावं, एवढीच इच्छा."
– एक आई

कंसात घातलेली ती दोन वाक्यं मी चारदा वाचली.

अहो, सात वर्षांच्या पोरीने दोन चाली तयार केल्यात. एक तुमच्यासाठी, एक स्वतःची. आणि तुम्ही तिला नेमकी तुमच्यासाठीची चाल घेऊन तपासणीला पाठवायला निघालात!

डॉक्टरांना तिची एकटीची चाल बघायचीय. टाच टेकत नाही याचं कारण प्रत्येक मुलात एकच नसतं. कुणाची पोटरी आखडलेली असते. कुणाची पोटरी बरी असते, पण गुडघाच वाकलेला राहतो आणि त्यापायी टाच अधांतरी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे. पोटरी नको तितकी सैल केली, तर पुढे मूल गुडघ्यांत वाकून चालायला लागण्याचा धोका असतो. म्हणून तर एवढा खटाटोप. त्यात आखडलेल्या पोटरीवर जोर देऊन टाच टेकवली, की शरीर त्याची वसुली दुसरीकडून करतं: गुडघा मागे ढकलला जातो, धड पुढे झुकतं. पॅसेजमध्ये फक्त टाचेवर नजर ठेवणाऱ्या बाबांना ते दिसत नसेल. कॅमेऱ्यांना दिसेल, आणि तिचं रोजचं चालणं म्हणून नोंदलं जाईल.

तिथली माणसं हे किती जपतात बघा. पावलाचा जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेट जमिनीत, फरशीच्या पातळीतच बसवलेल्या असतात. त्या कुठे आहेत हे मुलाला मुद्दाम सांगत नाहीत, कारण कळलं की मूल नेम धरून पाऊल टाकतं. पाऊल आपसूक नीट पडेपर्यंत नुसत्या फेऱ्या मारून घेतात. त्यांनी एवढी काळजी घ्यायची आणि घरात चांदण्यांचा तक्ता!

रडण्याचं म्हणाल, तर रडली की थोडं थांबतील. वाया काही जात नाही. चिकटवतात ते वाटाण्याहून जरा मोठे चकाकते गोळे, दुहेरी चिकटपट्टीने. कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात. काढताना बँडेजपट्टी ओढल्यासारखं चुरचुरतं, हे तिला आधीच सांगून टाका. "काही होत नाही" म्हणू नका, मुलं ते बरोबर लक्षात ठेवतात. स्नायूंची नोंद घेणाऱ्या चकत्या लावल्याच, तर त्या शॉक देत नाहीत. टेबलावर झोपवून पाय वाकवून, ताणून बघतील. दोन-तीन तास धरून चाला. आखूड चड्डी आणि बिनबाह्यांचा टॉप न्या, त्या दिवशी पायांना तेल-क्रीम लावू नका, गोळे टिकत नाहीत. स्प्लिंट आणि रोजचेच बूट बरोबर घ्या. आदल्या दिवशी दमवू नका, दमलेलं मूल वेगळं चालतं.

आता माझं काम. तो तक्ता आज रात्री खाली आला पाहिजे. बाबांनीच काढायचा, तिच्यासमोर, आणि म्हणायचं, "माझं चुकलं. तिथे तू एकटी असताना चालतेस तस्सं चालायचंय." तिला लगेच खरं वाटणार नाही. काही दिवस ती तुमच्या तोंडाकडे बघत टाच टेकवत राहील. तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघा. "नीट चाल" हे दोन शब्द पंधरा दिवस घरात नकोत. फिजिओने दिलेले व्यायाम मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका, ते वेगळे. आणि तपासणीच्या सुरुवातीलाच थेरपिस्टना सांगा, की घरी असा असा सराव घेतला होता. लाजू नका.

उरलेल्या चांदण्या फेकू नका. गुडघ्यांवर, घोट्यांवर, कमरेच्या हाडावर चिकटवा. तिच्या, तुमच्या आणि बाबांच्याही. मग तिघं पॅसेजमध्ये येरझाऱ्या घाला, कुणीही काही न मोजता. काढायची वेळ आली की आधी बाबांच्या पायावरच्या तिला ओढू द्या. तिथे केस असतील तर फारच उत्तम.