वाचकांचे प्रश्न : पबमध्ये कॅरल म्हणतात का हो?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, सध्या मुलीकडे इंग्लंडमध्ये शेफील्डला आलेय, फेब्रुवारीपर्यंत आहे. शेजारच्या बाईंनी रविवारी दुपारी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणायला बोलावलंय, म्हटलं चर्चमध्ये असेल, तर म्हणाल्या गावातल्या पबमध्ये! शिवाय नंतर त्यांच्या घरी सगळे जमणार आणि प्रत्येकाने आपलं एक आवडतं गाणं म्हणायचं. मला "सायलेंट नाइट"ची नुसती चाल येते. जाऊ का? आणि म्हणू काय?

उत्तर : काकू, जा म्हणजे जाच! तुम्ही नेमक्या त्या गावात आहात जिथे हे बघायला लोक लांबून येतात. शेफील्डच्या आसपास डंगवर्थ, वॉरल, स्टॅनिंग्टन अशी गावं आहेत, तिथे 11 नोव्हेंबरनंतरच्या रविवारपासून ते नाताळ उलटेपर्यंत पबमध्ये गर्दी करून कॅरल म्हणतात. स्टेजबिज काही नसतं, बहुतेकांना शब्द पाठ असतात आणि म्हणणारे सगळे गावातलेच.

आता पबमध्ये का, तर जुन्या काळी गावातल्या चर्चमध्ये मागच्या गॅलरीत गावचेच वाजवणारे-गाणारे बसायचे, व्हायोलिन, बासरी वगैरे घेऊन, सगळं अगदी दणक्यात. एकोणिसाव्या शतकात चर्चना उपासना जरा शिस्तीची हवीशी वाटायला लागली, ऑर्गन आले, गॅलरीवाले गेले आणि त्यांची गाणी पण गेली. पण या गावांमधल्या लोकांनी ती सोडली नाहीत, चर्चमधून उचलली आणि पबमध्ये नेली आणि आजपर्यंत टिकवली, याचं मला फार म्हणजे फारच कौतुक वाटतं.

तिथे एक गंमत नक्की ऐका. "व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड" नावाचं गाणं आहे, रात्री मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत येऊन येशूजन्माची बातमी सांगतो ती लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट. नेहम टेट या कवीचं, 1700 च्या सुमाराचं. अठराव्या शतकात बराच काळ अँग्लिकन चर्चमध्ये नाताळचं म्हणून मान्यता असलेलं हे एकच गाणं होतं, त्यामुळे झालं काय की शब्द एकच आणि जो तो गाववाला आपली चाल लावतोय. बाकी इंग्लंडात चर्चमध्ये ते "विंचेस्टर ओल्ड" नावाच्या चालीवर म्हणतात, ती चाल 1592 च्या पुस्तकात छापलेली आहे, पण शेफील्डकडे याच शब्दांना डझनभर तरी वेगवेगळ्या चाली आहेत. एकीत मध्ये मध्ये "स्वीट बेल्स" असं धृपद येतं. आणखी एक चाल आहे "क्रॅनब्रुक", कँटरबरीच्या थॉमस क्लार्क नावाच्या एका चांभाराने बांधलेली, जिच्यावर यॉर्कशरचं ते इल्कली मूरचं लोकगीत पण म्हणतात, तुमच्या नातवंडांना माहीत असेल बघा.

हे आपल्याला नवीन वाटायला नको खरं तर. एकच अभंग एका फडात एका चालीवर आणि शेजारच्या गावात दुसऱ्या, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते! गाण्याचं माप पक्कं असलं की चाल बदलता येते, या मेंढपाळांच्या गाण्याच्या ओळी पण आठ-सहा, आठ-सहा अक्षरांच्या मापात बसवलेल्या आहेत म्हणून तर एवढ्या चाली लागल्या. म्हणून शब्द चुकतील का, चाल हीच का ती, असलं टेन्शन घेऊच नका, धृपदाला सूर मिसळा, पुरे आहे.

आणि घरच्या मैफलीत मराठीच म्हणा, माझं ठाम मत आहे. सोयीचं म्हणजे "सायलेंट नाइट", चाल तुम्हाला येतेच आणि मराठी शब्दांत पण म्हणतात, मी लहानपणी नगरला पेटी-तबल्यावर ऐकलेलं आहे, ओळखीच्या कुठल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला फोन करा, शब्द लगेच पाठवतील. पण माझं मन विचाराल तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातल्या येशूजन्माच्या चार-सहा ओव्या न्या. हा माणूस इंग्लंडचा, 1579 ला गोव्यात आला, मराठी शिकला आणि बायबलमधली कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत लिहिली, 1616 ला ती गोव्यातच राशोलला छापली गेली, मराठीच पण रोमन लिपीत! मराठी भाषेचं ते कौतुक, शाळेत असताना आपल्याला पाठ असायचं ते, याच पुस्तकातलं. तुमच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओवीची चाल तुम्हाला आठवत असेल ना, तीच लावून बघा, थोडी ओढाताण होईल पण बसेल. आधी दोन वाक्यांत सांगा की हे तुमच्याच देशातल्या माणसाने आमच्या भाषेत लिहिलंय, आणि मग म्हणा.

प्रश्न : "सायलेंट नाइट" कसं तयार झालं? उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून घाईघाईत रचलं असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं, खरं का? (एक वाचक, वसई)

उत्तर : उंदरांची गोष्ट नंतर कोणीतरी जोडलेली आहे. कविता 1816 चीच होती, योझेफ मोर या तरुण पाद्रीची. 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फमध्ये त्याने ती शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबरला दिली, दोन आवाज आणि गिटारसाठी चाल लाव म्हणाला, आणि त्याच रात्री दोघांनी चर्चमध्ये म्हटली. पुढे एका ऑर्गन बनवणाऱ्याने ते गाणं ऑस्ट्रियातल्याच टिरोल भागात नेलं, तिथल्या गात फिरणाऱ्या कुटुंबांनी गावोगाव पोचवलं आणि या सगळ्यात रचणाऱ्यांची नावंच गळून पडली, लोक म्हणायला लागले की हायडनचं असेल, मोझार्टचं असेल. शेवटी 1854 च्या डिसेंबरात म्हाताऱ्या ग्रूबरने स्वतः लिहून ठेवलं की हे आम्ही दोघांनी केलं. मोर तोपर्यंत जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या स्वतःच्या हातचा कागद सापडला तो थेट 1995 मध्ये, आणि कविता 1816 ची हे आपल्याला कळलं ते त्या कागदामुळे.